सावधानरावांनी सांभाळलेली पेटी

तुमच्या घरातली सगळ्यात नाजूक वस्तू कोणती, ती जरा मनात आणा. काचेची बरणी असेल, आजीचा चष्मा असेल, नाहीतर कपाटावर ठेवलेलं कागदाचं विमान असेल. आता असं समजा, की ती वस्तू कुणीतरी तुमच्या हातात दिली आणि म्हणालं, "ही घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला जा." वस्तू तुमची नाही. तुम्हाला ती आवडतसुद्धा नाही. पण ज्याची आहे त्याचा सगळा जीव तिच्यात आहे, आणि तो माणूस त्या दुसऱ्या टोकाला तुमची वाट बघत बसला आहे. मनात थोडी धाकधूक झाली ना? मग ती धाकधूक तशीच धरून ठेवा. आपल्या गोष्टीतले सावधानराव पेटी हातात आल्यापासून तीच मनात घेऊन हिंडत होते.

सावधानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या कचेरीत ते त्यांना पडलेलं नाव. लोकांच्या घरात काय पडलं, काय फुटलं, काय जळलं याचे अर्ज दिवसभर वाचायचे, हे त्यांचं काम. असे अर्ज आयुष्यभर वाचले की माणसाला वाटू लागतं, जगात जे जे पडू शकतं ते आज ना उद्या पडणारच. सावधानराव घराला कुलूप लावत, ओढून बघत, जिना उतरत, परत चढून येत आणि पुन्हा ओढून बघत. पावसाळ्यात ते दोन छत्र्या नेत. एक उघडायला आणि दुसरी, पहिली उडाली तर.

त्यांना एक मुलगी होती, तिसरीतली. जेवताना दोन्ही गाल भरून घ्यायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. खारूच्या आईला बढती मिळाली, बढतीबरोबर बदली आली, आणि बदलीचं गाव निघालं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. खारूचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्यांच्याच शेजारच्या गल्लीत एकटे राहत. त्यांना मागं ठेवून जायचं कसं? पण आजोबा जागचे हलायला तयार नव्हते.

हे आजोबा पूर्वी बोटीवर कप्तान होते. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांच्या खोलीत एक लाकडी पेटी होती आणि त्या पेटीत होते सिगार. सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची जाडजूड गुंडाळी. ती ओढणं वाईट, हे मी तुम्हाला सांगायला नको, आणि अप्पांना डॉक्टरांनी ते सांगून किती तरी वर्षं झाली होती. तेव्हापासून अप्पांनी एकही सिगार पेटवला नव्हता. पण पेटी टाकली नव्हती. ज्या ज्या बोटीवर ते कप्तान होते, त्या प्रत्येक बोटीवरच्या लोकांनी निरोप देताना त्यांना एकेक सिगार दिला होता. काही तर आता जगात कुठे मिळतच नाहीत. जाणकार लोक तोंडात बोट घालतील अशी ती पेटी होती. आणि सगळ्यात कोपऱ्यात एक सिगार होता, त्याला निळा दोरा बांधलेला. अप्पा पहिल्यांदा कप्तान झाले तेव्हा आजीनं तो बंदरावर स्वतः जाऊन निवडून आणला होता, आणि "हा ओढलात तर याद राखा," असं म्हणून दिला होता. आजी आता नव्हती. सिगार होता.

"येतो मी तुमच्याबरोबर," अप्पा शेवटी म्हणाले, "पण पेटी धड पोचली पाहिजे. ती बिघडायची असेल तर मी इथेच बरा."

अप्पांचं मांडीचं हाड नुकतंच जुळलं होतं आणि त्यांच्या दोन्ही हातांत वॉकर होता. खारूची आई त्यांना घेऊन विमानानं पुढे जाणार होती. खारू आणि तिचे बाबा मागचं सामान आवरून आगगाडीनं जाणार होते. अप्पांनी पेटी सावधानरावांना उचलायला लावली आणि सांगितलं, "जावईबापू, हिला फार काही करायचं नसतं. झाकण बंद ठेवा. उन्हात ठेवू नका. दुसऱ्या कशात कोंबू नका, आपल्याबरोबर न्या. आतला ओल मोजणारा काटा या हिरव्या पट्ट्यात आहे, तो तिथेच राहतो. तुम्ही काही केलं नाहीत की झालं."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण अप्पांनी जावयावर सोपवलेलं हे पहिलं काम. सावधानरावांची छाती फुगली. "अप्पा, तुम्ही निर्धास्त राहा," ते म्हणाले. आणि मुलांनो, काही न करण्याचं काम त्यांच्या हाती आलं ते हे असं. जगात याहून अवघड काम नाही. तुम्ही कधी शाळेत डोकं बाकावर टेकून नुसतं गप्प पडून बघितलं असेल, तर तुम्हाला कळेल.

विमान उडालं असेल नसेल, तोच सावधानरावांनी झाकण उघडून काटा बघितला. हिरव्या पट्ट्यात होता. चहा पिऊन पुन्हा बघितला. हिरव्या पट्ट्यात होता. असं करत करत संध्याकाळी बघितलं तर काटा पट्ट्याच्या बाहेर. आता तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. पेटीत ओलसर हवा कोंडून ठेवलेली असते, म्हणून पानं मऊ राहतात. झाकण उघडलं की ती हवा बाहेर जाते. म्हणजे काटा पडतोय का हे बघून बघूनच त्यांनी तो पाडला होता.

"बाबा, आजोबांना फोन करून विचारू या का?" खारू म्हणाली.

"अगं, पहिल्याच दिवशी फोन केला तर ते काय म्हणतील? साधी पेटी सांभाळता येत नाही म्हणतील."

म्हणून त्यांनी समोरच्या काकूंना विचारलं. समोरच्या काकूंना सगळ्यातलं सगळं माहीत असे.

"त्यात काय एवढं?" काकू म्हणाल्या. "बटाट्याची चकती ठेवा आत. आमचे हे चामड्याच्या बुटात ठेवायचे."

"बुटात कशाला?"

"ते मी कधी विचारलं नाही. पण बूट मऊ राहिले बाई शेवटपर्यंत."

बटाटा ठेवला. त्याच्या जोडीला खात्री म्हणून ओला स्पंजही ठेवला. दुसऱ्या दिवशी काटा पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन टेकला. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदारानं गोळ्यांच्या बाटलीत असतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या दिल्या. सावधानरावांनी स्पंज काढला नाही. म्हणाले, असू द्या, न जाणो. आता पेटीत एकीकडे स्पंज पाणी सोडत होता आणि दुसरीकडे पुड्या ते पीत होत्या, आणि काटा बिचारा दोघांच्या भांडणातल्या पाहुण्यासारखा मधे थरथरत होता.

मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त इन्स्पेक्टर आले. ते पूर्वी धान्याची गोदामं तपासायचे. त्यांनी पेटीत न बघताच मान हलवली.

"किडा," ते म्हणाले.

"कुठे?"

"आत्ता दिसायचा नाही. तंबाखूत किड्याची अंडी असतात, बारीक. गरम झालं की फुटतात. एकदा फुटली की सगळं पोखरून भुस्सा. मी पोतीच्या पोती गेलेली पाहिली आहेत. प्रवासात तर काय, डब्यातली गरमी."

हे बोलून इन्स्पेक्टर पेपर वाचायला वर निघून गेले. सावधानराव मात्र रात्रभर तळमळले. आता तुम्ही म्हणाल, इन्स्पेक्टर खोटं बोलले का? नाही. असा किडा असतो. पण अप्पांनी ते सिगार इतकी वर्षं नीट राखलेले होते, ते काय किड्याचा विचार केल्याशिवाय?

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की जाणकाराला विचारायचं. बाजारात एक तंबाखूचं दुकान होतं. सावधानराव आयुष्यात कधी त्या फुटपाथनंसुद्धा गेले नव्हते. नुसते गेले नव्हते असं नाही, गेल्याच महिन्यात खारूच्या शाळेत 'तंबाखू, माणसाचा शत्रू' या विषयावर त्यांचं भाषण झालं होतं. निबंधस्पर्धेचे परीक्षकही तेच होते. म्हणून त्यांनी उन्हाचा चष्मा लावला, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि भर दुपारी दुकानात शिरले. भर उन्हात मफलर गुंडाळलेल्या माणसाकडे सगळा बाजार बघतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

दुकानदार गप्पिष्ट होता. त्यानं किड्याबद्दल काही सांगितलं नाही, पण पेटीचं वर्णन ऐकून डोळे मोठे केले आणि ओढायला कोणता चांगला, कोणत्याचा धूर कसा गोड, हे सांगत सुटला. शेवटी स्वतःच्या दुकानातला एक सिगार त्यांच्या हातात कोंबला आणि म्हणाला, "हा बघा नाकाला लावून." सावधानरावांनी भिडेखातर तो नाकाला लावला, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अरे, तुम्ही?"

दारात खारूच्या मुख्याध्यापिका. शेजारच्या दुकानातून वह्या घेऊन निघाल्या होत्या.

"माझा नाही," सावधानराव म्हणाले. सिगार अजून नाकालाच होता.

"सासऱ्यांसाठी," ते पुढे म्हणाले.

"हो का," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि इतक्या समजूतदारपणे हसल्या की सावधानरावांना वाटलं, त्यापेक्षा दोन छड्या मारल्या असत्या तर बरं. "भाषण फार छान झालं होतं हं तुमचं. अगदी अनुभवाचे बोल."

घरी आल्यावर ते बराच वेळ मफलर न काढताच बसून राहिले. खारूनं विचारलं, "बाबा, थंडी वाजतेय?" त्यावर ते नुसतंच हूं म्हणाले.

सामान नेणाऱ्या कंपनीच्या कचेरीतही त्यांनी एकदा जाऊन विचारून घेतलं. पेटी ट्रकमधून न्यायची नव्हतीच. अप्पांनी आपल्याबरोबर न्या म्हणून सांगितलं होतं. पण नियम माहीत असलेला बरा, म्हणून गेले. तिथला कारकून म्हणाला, "तंबाखू? तंबाखूला वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"विकायला का ओढायला?"

"ठेवायला."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "साहेब, माझ्याकडे विकायला आहे, ओढायला आहे. ठेवायला नाही. ठेवायला काय लिहू?"

मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "लोणचं लिहा." सगळी रांग हसली. सावधानराव रांगेतून बाहेर पडले तेव्हा त्यांचे कान तापले होते, आणि मनात एकच होतं: जग काहीही म्हणो, पेटीला आपण किडा लागू द्यायचा नाही.

आता मी तुम्हाला ती गोष्ट सांगतो, जी सांगताना माझासुद्धा आवाज खाली येतो.

घरात बांधाबांध चालू होती. लोकरीचे कपडे, रजया, जुन्या चादरी ट्रंकेत भरायच्या आणि प्रत्येक घडीत डांबरगोळी टाकायची, ही त्या घरची रीत. तुमच्याही घरी असेल. पांढऱ्या, वाटोळ्या, खडीसाखरेसारख्या दिसणाऱ्या, पण तोंडात कधीही घालायच्या नाहीत अशा त्या गोळ्या. कपाटात एक असली तरी किडा फिरकत नाही. सावधानराव स्वेटरमध्ये गोळी टाकत होते आणि टाकता टाकता त्यांचा हात थांबला. चेहरा उजळला.

"खारू," ते म्हणाले, "इतके दिवस हे सुचलं कसं नाही?"

त्यांनी पांढऱ्या मलमलीचे छोटे छोटे बटवे स्वतः सुई-दोऱ्यानं शिवले. शिवण इतकी बारीक, की काकूंनीसुद्धा वाखाणली. प्रत्येक बटव्यात एकेक गोळी. पेटीच्या चार कोपऱ्यांत चार बटवे, आणि आजीच्या निळ्या दोऱ्याच्या सिगारला किड्यानं हात लावायचा नाही म्हणून त्याच्या उशाशी एक खास बटवा. बटाटा, स्पंज आणि पुड्या काढून टाकल्या. झाकण बंद केलं, वर प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर रजई, त्यावर दोरी.

"बाबा, आजोबांना विचारू या का?" खारूनं पुन्हा विचारलं.

"त्यांना कळेल तेव्हा तेच म्हणतील, जावई असावा तर असा."

सगळं घरच डांबरगोळ्यांनी घमघमत होतं, म्हणून पेटीचा वेगळा वास काही जाणवला नाही.

आगगाडीत सावधानरावांनी पेटी मांडीवर घेतली. वरती ठेवली तर पडेल, खाली ठेवली तर पाय लागेल. हमालालासुद्धा तिला हात लावू दिला नव्हता. समोरच्या बाकावर शाल पांघरलेल्या एक बाई होत्या. गाडीनं वेग घेतला, ऊन चढलं, डबा तापला. थोड्या वेळानं बाईंनी नाक वर केलं.

"लोकरीचे कपडे का हो?"

"नाही."

"मग गोळ्यांचा वास कसला?"

"पेटीत आहेत. सुरक्षेसाठी."

"पेटीत काय आहे?"

आजूबाजूचे लोक ऐकत होते. सावधानरावांनी आवाज शक्य तितका बारीक केला. "सिगार."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पेटीकडे बघितलं, आणि शाल सावरत म्हणाल्या, "ही शाल बघा. एकदा गोळ्यांत ठेवली. दोन वेळा धुतली, उन्हात घातली, तीन हिवाळे गेले. अजून सुनेच्या जवळ गेलं की ती लांब सरकते. लोकरीचं हे, तर पानाचं काय व्हायचं?"

मुलांनो, एक शास्त्राची गोष्ट इथेच सांगून टाकतो. बर्फ वितळतो, मग त्याचं पाणी होतं, मग पाण्याची वाफ. डांबरगोळी तसं करत नाही. ती पाणी न होताच सरळ हवेत जाते, म्हणून कपाटात ठेवलेली गोळी काही दिवसांनी नुसतीच नाहीशी झालेली असते. त्याला संप्लवन म्हणतात, वरच्या इयत्तेत तुम्हाला भेटेल. आणि वाळलेलं पान आसपास जे काही असेल ते पिऊन घेतं. आता गरम डब्यात, प्लास्टिक आणि रजईच्या आत बंद पेटीत काय झालं असेल?

सावधानरावांनी दोरी सोडली, रजई काढली, प्लास्टिक काढलं, झाकण उघडलं. खिडकीजवळचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. त्यांनी निळ्या दोऱ्याचा सिगार उचलून नाकाशी नेला. अप्पा म्हणायचे, याला लाकडाचा आणि मधाचा वास आहे. आता त्याला स्वेटरच्या ट्रंकेचा वास होता.

मग, माणूस घाबरला की जे करतो ते त्यांनी केलं. आणखी काहीतरी केलं. खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी एकेक सिगार वाऱ्याला मांडला. वास उडून जाईल म्हणून. उन्हात ठेवू नका असं अप्पांनी सांगितलं होतं, हे त्यांना आठवत होतं. पण वाटलं, थोडंच ऊन. तोवर वाऱ्यानं सिगारांभोवतालच्या रंगीत कागदी पट्ट्यांपैकी काही उडवून बाहेर नेल्या. पानं कोरडी पडू लागली. एकाला उभी चीर गेली, तशी दुसऱ्यालाही. गाडी वळणावर झुकली तेव्हा दोन खाली गडगडले, आणि तिकीट तपासनीस आत आला तो नेमका त्यातल्या एकावर पाय देऊनच.

"हे काय आहे?"

"संग्रह आहे," सावधानराव म्हणाले.

तपासनिसानं बूट उचलून तळव्याकडे बघितलं. "डब्यात ओढायला बंदी आहे."

"मी ओढत नाही."

"तेही दिसतंय," तपासनीस म्हणाला आणि पुढे गेला. डबाभर लोक हसले. शालवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाकून दुसरा सिगार उचलून दिला, आणि त्या दयेनं सावधानरावांना हसण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यांनी सगळं परत पेटीत भरलं. बटवे काढून खिडकीबाहेर टाकले. मग खारूकडे न बघता म्हणाले, "आईला आत्ताच काही सांगू नकोस हं."

खारूनं मान हलवली. मोठ्या माणसानं लहानाला 'सांगू नकोस' म्हटलं की समजावं, आता दोघांत मोठं कोण ते नीट ठरवायला हवं.

नव्या घराला नुकताच रंग दिलेला होता. रंगाच्या उग्र वासात दुसरा कुठलाच वास कळत नव्हता, आणि सावधानरावांनी मनातल्या मनात रंगाऱ्याचे आभार मानले. अप्पा वॉकर धरून दारातच उभे होते. पेटी बघून त्यांचा चेहरा असा झाला, की सावधानरावांनी खाली बघितलं.

"आलात. दोघंही आलात," अप्पा म्हणाले. दोघं म्हणजे जावई आणि पेटी. खारू कोण, हे ते क्षणभर विसरले.

अप्पांनी आपल्या खोलीत ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात फळी रिकामी करून ठेवली होती. स्वतः पुसली होती, वॉकरला टेकून. नव्या शेजाऱ्यांना ते सांगत होते, "हे आमचे जावई. असा काळजीवाहू माणूस शोधून सापडायचा नाही. बोटीवर मी कुणाच्या हाती दिली नसती ती पेटी यांच्या हाती दिली."

"अहो, असं काही नाही," सावधानराव म्हणाले.

"बघा, आणि नम्र किती," अप्पा शेजाऱ्यांना म्हणाले.

झाकण उघडायची वेळ आली की सावधानराव काहीतरी काढत. आधी म्हणाले, रंगाचा वास लागेल. मग म्हणाले, पेटीला नव्या हवेची सवय होऊ द्या. अप्पा प्रत्येक वेळी म्हणत, "तुम्ही म्हणाल तसं. तुम्हाला जास्त कळतं." एकदा तर त्यांनी आपल्या जुन्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा आणून जावयाच्या हातात ठेवला. "या आता तुमच्याकडेच असू द्या. मला कुठे ठेवल्या ते विसरायला होतं. तुमच्याकडे असल्या की मला झोप लागते." कुणी थोबाडीत मारली तर माणूस गाल चोळू शकतो. किल्ल्या घेऊन काय चोळायचं? सावधानरावांनी त्या खिशात टाकल्या आणि चालताना त्या वाजू नयेत म्हणून खिशावर हात धरून चालू लागले.

खारूच्या आईच्या लक्षात आलं होतं. "अहो, झालंय काय तुम्हाला?" तिनं विचारलं. "जेवत नाही, हसत नाही. अप्पांकडे बघत नाही."

"प्रवासाचा शीण."

"प्रवासाला आठवडा झाला."

"लांबचा प्रवास होता," सावधानराव म्हणाले.

आणि मग एका सकाळी अप्पा चहा पिताना म्हणाले, "आज पेटी उघडू या जावईबापू. त्या निळ्या दोऱ्याकडे बरेच दिवस बघितलं नाही. रोज सकाळी बघायची सवय होती."

सावधानरावांनी कप खाली ठेवला तो बशीत न ठेवता बाजूला ठेवला.

कुणी नसताना त्यांनी खारूला बाल्कनीत बोलावलं. "हे बघ," ते म्हणाले, "आजोबांना वाईट वाटू नये म्हणून आपण असं म्हणू, की हमालानं पेटी पाडली. गोळ्या टाकलेल्या ट्रंकेत ती पडली. काही सिगार फुटले."

"पण हमाल नव्हताच," खारू म्हणाली. "तुम्ही कुणाला हातच लावू दिला नव्हता."

"असता तर पाडलीच असती."

"पण नव्हता."

"खारू, काही वेळा खऱ्या गोष्टीला थोडा आधार द्यावा लागतो."

खारूनं विचार केला. "म्हणजे हमालाला माहीत नसताना आपण त्याला रागावून घ्यायला लावायचं?"

सावधानराव बाल्कनीच्या कठड्याला धरून उभे राहिले. खाली रस्त्यावर एक खराखुरा हमाल डोक्यावर दोन ट्रंका घेऊन चालला होता. पाय जपून टाकत होता. सावधानरावांना त्याच्याकडेही बघवेना.

ते आत आले. फळीवरून पेटी उचलायची म्हणजे अप्पांच्या खोलीत जायलाच हवं, म्हणून त्यांनी पेटी सकाळीच बैठकीत आणून ठेवली होती. काटा बघतो, असं सांगून. आता ती दोन्ही हातांत धरून ते अप्पांच्या बंद दारासमोर उभे राहिले. आतून रेडिओ चालू असल्याचा बारीक आवाज येत होता. सावधानरावांनी पेटी एका हाताखाली घेतली, दुसरा हात दारापर्यंत नेला, आणि खाली आणला. घसा खाकरला. मनात वाक्य जुळवलं: अप्पा, तुम्ही सांगितलं होतं काही करू नका, आणि मी सगळं केलं. वाक्य बरं होतं. पण तोंडातून बाहेर पडेना. त्यांनी पुन्हा हात वर नेला, पुन्हा खाली आणला. मग ते वळले. "संध्याकाळी," ते स्वतःशीच पुटपुटले.

वळले तर मागे खारू उभी होती. केव्हा आली कोण जाणे.

तिनं बाबांचा मोकळा हात धरला, त्याची बोटं एकेक करून मिटली, नीट मूठ केली, आणि ती मूठ दारावर आपटली. एकदा नाही, तीनदा.

"या," आतून अप्पांचा आवाज आला.

सावधानराव आत गेले. त्यांच्यामागून खारूही आत आली. तिनं दार लावून घेतलं, आणि बाबांना परत फिरता येऊ नये म्हणून दोन्ही हात पसरून, दाराला पाठ लावून उभी राहिली.